कानाला दडे का बसतात आणि कसे सुटतात

गेल्या दोन महिन्यांत कानाला दडे बसण्याविषयी बरीच पत्रं आली, म्हणून या वेळचं सदर त्याच विषयाला दिलं आहे. एकसारख्या पत्रांचा मिळून एकच प्रश्न केला आहे.

प्रश्न : महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरताना मला हमखास दडे बसतात. मग मध्येच ‘टक्’ होतं आणि सगळं लख्ख ऐकू येतं. हे टक् कशाचं? कानात मळ साचल्यामुळे होतं का? — एक वाचक, वाई

मळाचा यात संबंध नाही. मळ असतो पडद्याच्या बाहेर, आणि दडे बसतात ते पडद्याच्या आत हवा कमी पडल्यामुळे.

कानाचा पडदा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका पातळ असतो. त्याच्यामागे मध्यकर्ण नावाची हवेची एक चिमुकली खोली आहे. तिच्यात जेमतेम एक-दोन मिलिलिटर हवा मावते. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं याच खोलीत असतात. खोलीला दार एकच, ते म्हणजे युस्टेशियन नलिका. सोळाव्या शतकातला इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्टाकी याचं नाव तिला मिळालं आहे. मोठ्या माणसात ही नलिका सुमारे ३५ मिलिमीटर लांब असते आणि कानापासून खाली-पुढे उतरत नाकाच्या मागे, टाळूच्या वर उघडते. कानाकडचा तिचा एक तृतीयांश भाग हाडात कोरलेला, म्हणून कायम मोकळा. उरलेला दोन तृतीयांश भाग कूर्चेचा आणि मऊ. त्याच्या ओलसर भिंती एरवी एकमेकींना चिकटलेल्या असतात. आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचे स्नायू त्यातली एक भिंत बाजूला खेचतात आणि दार क्षणभर किलकिलं होतं.

दार सदैव उघडं का नाही, असं वाटेल. तसं झालं तर आपलाच श्वास आणि आपलंच बोलणं कानात घुमत राहील, शिवाय नाकातले जंतू सरळ वर चढतील. बंद राहणं हीच त्याची योग्य अवस्था आहे.

आता तुमचा घाट. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१३ मिलिबार असतो. महाबळेश्वर १३५० मीटर उंचीवर, तिथे तो साधारण ८६० असतो. पोलादपूरला पोहोचेपर्यंत तो हजाराच्या थोडा वर जातो. म्हणजे तासा-सव्वा तासात बाहेरचा दाब १४५ मिलिबारच्या आसपास वाढला, पण पडद्यामागे कोंडलेली हवा अजून महाबळेश्वरचीच आहे. बाहेरची हवा पडदा आत ढकलते. ताणलेला पडदा नीट थरथरत नाही आणि विशेषतः खालच्या पट्टीतले आवाज आत पोहोचत नाहीत. हाच दडा. मग केव्हातरी तुम्ही गिळता, नलिका उघडते, हवा आत शिरते आणि पडदा झटक्यात जागेवर येतो. चिकटलेल्या ओल्या भिंती सुटण्याचा आणि पडदा परतण्याचा मिळून जो आवाज होतो ते तुमचं टक्. शांत खोलीत बसून नुसता आवंढा गिळलात तरी त्याचं धाकटं भावंड ऐकू येईल. ती बारीकशी चुटचुट नलिका उघडल्याचीच असते.

उपाय सोपा आहे. दडा बसायची वाट पाहू नका. घाट सुरू झाला की दर दोन-तीन वळणांना आवंढा गिळा. महाबळेश्वरचे चणे किंवा लोणावळ्याची चिक्की चघळत उतरलात तर उत्तम, पण काम चावण्यानं होत नाही, त्यानं सुटलेली लाळ गिळल्यानं होतं. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र चालत्या गाडीत चणे-शेंगदाणे देऊ नका. ते श्वासनलिकेत अडकतात. मुलांना घोटघोट पाणी द्या.

प्रश्न : विमान वर जाताना काही होत नाही, उतरतानाच कान का दुखतो? — नागपूर, लातूर आणि दोहा इथून आलेली तीन पत्रं

कारण हे दार आतून बाहेर सहज उघडतं, पण बाहेरून आत उघडत नाही.

विमान चढताना केबिनमधला दाब कमी होतो आणि कानातली हवा प्रसरण पावते. आतला दाब बाहेरपेक्षा २० मिलिबारच्या आसपास वाढला की ती हवा स्वतःच नलिका उघडून नाकाच्या मागे निसटते. तेव्हा होणारं बारीक बुडबुड आपल्या लक्षातही येत नाही. उतरताना उलट होतं. नाकाकडचा दाब जास्त असतो आणि तो नलिकेच्या मऊ भिंतींना एकमेकींवर आणखी दाबून धरतो. ओला प्लास्टिकचा पाइप चपटा दाबून त्यातून हवा ओढायचा प्रयत्न करावा, तसं. आता स्नायूंनाच ओढून दार उघडावं लागतं. फरक कमी असतो तोवर त्यांना ते जमतं. फरक ११०-१२० मिलिबारपर्यंत पोहोचला की बहुतेकांचे स्नायू हरतात आणि नलिकेला जणू कुलूप लागतं. मग कितीही गिळा, उघडत नाही. एवढ्या फरकानं पडद्यावर पडणारा भार ७० ग्रॅम वजनाइतका असतो. इतक्या पातळ पापुद्र्यावर तो पडला की कळ का येते ते सांगायला नको.

विमानाच्या केबिनमध्ये जमिनीइतका दाब कधीच नसतो. बाहेर विमान ३५,००० फुटांवर असलं तरी आत साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असावा तेवढा दाब ठेवतात. ८,००० फुटांचा दाब म्हणजे ७५३ मिलिबार. मुंबईला उतरेपर्यंत तो २६० मिलिबारनं वाढतो आणि याला साधारण वीस-पंचवीस मिनिटं लागतात. म्हणजे मिनिटाला ११-१२ मिलिबार. तुम्हाला उतरतानाच दहा मिनिटांची डुलकी लागली आणि झोपेत गिळणं मंदावलं, तर कुलूप लागायला तेवढी पुरते. उतरताना झोपू नका असं सांगतात ते यासाठी. गिळायला सुरुवात जमीन दिसल्यावर नको, ‘उतरण्यास सुरुवात केली आहे’ ही घोषणा कानावर पडल्यापासून करा. दाब तेव्हापासूनच वाढू लागलेला असतो.

कुठे उतरता त्यावरही त्रास अवलंबून असतो. पुण्याचा विमानतळ ५९० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तिथे तोच फरक १९० मिलिबारच्या आसपास असतो. बंगळुरूचा ९१५ मीटरवर, तिथे १५५. लेहचा विमानतळ तर ३,२०० मीटरहून उंच. तिथे उतरताना केबिनमधला दाब बहुधा वाढण्याऐवजी आणखी घटतो, म्हणून कान दुखत नाहीत. याची भरपाई परतीच्या प्रवासात होते. लेहची हवा कानात घेऊन थेट समुद्रसपाटीला उतरणाऱ्यानं गिळण्यात हयगय करू नये.

हे सगळं केबिनमधला दाब हळूहळू बदलत असतो म्हणून सोसतं. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या एका विमानात केबिनमधला दाब राखणारी यंत्रणा सुरू करायची राहून गेली. विमान माघारी फिरवावं लागलं आणि तीसएक प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आलं.

प्रश्न : परवा दिल्लीला जायचं आहे आणि जबरदस्त सर्दी झाली आहे. तिकीट रद्द करू का? नाक दाबून जोरात फुंकलं तर चालेल का? — एक वाचक, कोल्हापूर

ताप, कानात ठणका किंवा नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड येत असेल तर शक्य असल्यास प्रवास पुढे ढकला. सर्दीत नलिकेचं नाकाकडचं तोंड सुजून बंद झालेलं असतं आणि मग स्नायूंना ओढायलाही वाव उरत नाही. नुसतं नाक चोंदलं असेल तर तयारीनं जाता येईल.

नाक मोकळं करणारा फवारा प्रौढांसाठी ऑक्सिमेटाझोलिन ०.०५ टक्के किंवा झायलोमेटाझोलिन ०.१ टक्के अशा नावाचा मिळतो. तो उतरायला सुरुवात होण्याच्या साधारण अर्धा तास आधी मारायचा. दिल्लीच्या दोन तासांच्या प्रवासाला विमानात चढण्याआधी मारला तरी चालतो, कारण असर बरेच तास टिकतो. मारण्याची पद्धत मात्र बहुतेकांची चुकते. आधी नाक शिंकरून घ्या. मान मागे टाकू नका, किंचित पुढे झुकवा. फवाऱ्याचं टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता त्याच बाजूच्या कानाच्या दिशेला, बाहेरच्या भिंतीकडे वळवा. एक फवारा मारून पाच मिनिटं थांबा आणि मग दुसरा. पहिल्यानं पुढचा भाग ओसरतो आणि दुसरा मागे नलिकेच्या तोंडापर्यंत पोहोचतो. हा फवारा तीन दिवसांच्या वर वापरायचा नाही, नाहीतर औषध उतरलं की नाक दुप्पट चोंदतं आणि त्याची सवय लागते. रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयविकार किंवा काचबिंदू असेल किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. लहान मुलांनाही मनानं देऊ नये. वाफाऱ्यानं बरं वाटतं, पण नलिका उघडण्यासाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

आता फुंकण्याविषयी, कारण सर्वाधिक इजा इथेच होते. नाक-तोंड बंद करून फुंकण्याची रीत इटालियन वैद्य अंतोनियो मारिया वाल्साल्वा यानं १७०४ च्या ग्रंथात सांगितली, तीही कानातला पू बाहेर काढण्यासाठी. आज नेमकं त्याच कारणासाठी ती करू नये असं आम्ही म्हणतो. नाकात पिकलेला शेंबूड असताना फुंकलं तर तो सरळ मध्यकर्णात जातो.

सर्दी साधी असेल तर असं करा. तोंड मिटा, दोन्ही नाकपुड्या चिमटीत धरा आणि नाक शिंकरताना लावतो त्याहून कमी जोरानं एक-दोन सेकंद हवा ढकला. पाच सेकंदांच्या पुढे कधीच नाही. गाल फुगले तर हवा गालातच राहिली, म्हणून गाल घट्ट ठेवा. टक् झालं की थांबा आणि पुन्हा दडा जाणवला की पुन्हा करा. उतरताना दर दोन-तीन मिनिटांनी हलकेच, एवढं पुरतं. जोर लावून फुंकल्यानं कुलूप लागलेलं दार उघडत नाही. उलट आतल्या कानाच्या नाजूक खिडकीचा पापुद्रा फाटू शकतो आणि मग चक्कर व बहिरेपण पदरी पडतं.

याहून सुरक्षित दोन रीती आहेत. पहिली, नाक चिमटीत धरून आवंढा गिळणं. ही एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कर्णशल्यवैद्य जोसेफ टॉयन्बी यांच्या नावानं ओळखली जाते. दुसरी लढाऊ वैमानिकांची, फ्रेन्झेल यांची. नाक धरा, श्वास रोखा आणि ‘क’ म्हणायला जीभ मागे टाळूला टेकवतो तशी टेकवून वर-मागे दाबा, आवाज न काढता. छातीचा जोर लागत नाही, म्हणून इजेची भीती फार कमी. जमायला दोन-तीन दिवस लागतात. घरी आरशासमोर करून बघा. नाक धरलेल्या चिमटीखाली नाकपुड्या किंचित फुगल्या की जमलं.

कानात कापूस घालून काही होत नाही, त्यातून हवा आरपार जाते. गरम पाण्यात भिजवलेला कागद पेल्यात घालून तो कानावर धरण्याची युक्ती काही ठिकाणी चालते. तिनं नलिका उघडत नाही, आणि गरम पाणी गळून कान-मान भाजल्याची उदाहरणं आहेत. दाब हळूहळू पोहोचवणारे खास बोळे दुकानात मिळतात. त्यांनी बदल सावकाश होतो एवढंच, गिळावं तुम्हालाच लागतं.

प्रश्न : सात महिन्यांच्या नातवाला घेऊन सूनबाई अबू धाबीला निघाली आहे. बाळाच्या कानाचं काय करायचं? — एक आजी, चिपळूण

आजी, बाळाची नलिका मोठ्या माणसाच्या निम्मी आणि जवळजवळ आडवी असते, तिचे स्नायूही अजून नीट जोमात आलेले नसतात. त्यात त्याला ‘गिळ’ सांगून उपयोग नाही. म्हणून गिळण्याचं निमित्त आपण पुरवायचं.

विमान चढताना पाजायची घाई नको. बाळाला थोडी भूक राहू द्या आणि उतरण्याची घोषणा झाली की मग अंगावर किंवा बाटलीनं पाजायला घ्या. डोकं उंच राहील असं धरा, आडवं पाजू नका. वीस मिनिटं पुरवायची आहेत, म्हणून थांबत थांबत, थोडं थोडं. पोट भरलं तर चोखणी द्या. बाळ झोपलं असेल तर घोषणेलाच उठवा, जीव तुटला तरी. झोपेत दडा बसून नंतर कळवळण्यापेक्षा ते बरं. आणि रडलंच तर सूनबाईनं घाबरून जाऊ नये. रडताना बाळ मधूनमधून गिळतं आणि जबडाही उघडतो, त्यातून बऱ्याचदा कान मोकळा होतो.

बाळाला सर्दी असेल तर निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांना एकदा कान दाखवून घ्या. कानात ग्रोमेट, म्हणजे पडद्यात बसवलेली बारीक नळी, असलेल्या मुलांना मात्र दडे बसतच नाहीत. हवेला पडद्यातूनच वाट मिळालेली असते.

प्रश्न : विमानातून उतरून तीन दिवस झाले, उजवा कान अजून बंदच आहे. सासूबाई लसणीचं कोमट तेल घाला म्हणतात. — एक वाचक, नाशिक

तेल घालू नका. सासूबाईंची माया खरी, पण तेल पडद्याच्या बाहेर राहतं आणि बंद आहे ते दार पडद्याच्या आत, नाकाच्या मागे. शिवाय पडद्याला भोक पडलेलं असेल तर तेल मध्यकर्णात उतरतं आणि संसर्ग होतो. मळ काढणारे थेंब आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही याच कारणानं नकोत.

तुमच्या कानात काय झालं असावं ते सांगतो. बंद खोलीतली हवा आतलं अस्तर हळूहळू शोषून घेतं. हवा कमी पडली की पोकळी भरून काढायला अस्तरातून पाणी झिरपतं. मग दडा राहतो, गिळताना खुळखुळ होते, आपलाच आवाज घुमतो. सर्दी ओसरली की बहुतेकांचं हे काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतं. तोवर दिवसातून दहा-बारा वेळा टॉयन्बीची रीत करा, झोपताना उशी उंच घ्या, आणि पुन्हा विमानात बसण्याआधी कान तपासून घ्या.

पण यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा : कानातून रक्त किंवा पाणी येणं, चक्कर, एकाएकी खूप कमी ऐकू येणं, किंवा असह्य कळ येऊन ती अचानक थांबणं. कळ थांबली म्हणून हायसं वाटतं, पण बहुधा तेव्हाच पडदा फाटलेला असतो. फाटलेला पडदा बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपला आपण भरून येतो. अट एकच, आत पाणी जाऊ द्यायचं नाही. आंघोळीला कापसाला व्हॅसलीन चोळून तो कानाच्या तोंडाशी बसवा, पोहू नका आणि नाक जोरात शिंकरू नका. अचानक आलेल्या बहिरेपणात मात्र दिवस महत्त्वाचे असतात. तिथे औषध पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू व्हायला हवं, ‘बघू आठवडाभर’ म्हणून थांबू नका.

प्रश्न : तारकर्लीला स्कूबा करायचं आहे. मीटर-दीड मीटरवरच माझे कान दुखतात. खोल गेल्यावर काय होईल? — एक विद्यार्थी, सांगली

तुमचा अनुभव बरोबर आहे, कारण पाणी हवेपेक्षा फार जड. समुद्रात एक मीटर खाली गेलं की दाब सुमारे १०० मिलिबारनं वाढतो. महाबळेश्वर ते पोलादपूर हा अख्खा घाट पाण्यात दीड मीटरमध्ये संपतो. कुलूप लागायला सव्वा मीटर पुरे. गंमत म्हणजे सर्वांत अवघड टप्पा पहिल्याच दहा मीटरांचा असतो. तिथे दाब दुप्पट होतो आणि कानातली हवा निम्म्या जागेत येते. दहा ते वीस मीटरमध्ये ती उरलेल्याच्या एक तृतीयांशानंच आक्रसते.

म्हणून पाण्यात शिरण्याआधी, वरच एकदा कान मोकळे करा. मग दर अर्ध्या मीटरला करत जा, दुखेपर्यंत थांबू नका. डोकं वर, पाय खाली ठेवून उतरा, उलटं उतरताना नलिका अवघड उघडते. दुखलंच तर प्रशिक्षकाला हाताचा पंजा आडवा हलवून कानाकडे बोट दाखवा आणि मीटरभर वर या. तिथे मोकळा झाला तर हळू पुन्हा खाली, नाही झाला तर त्या दिवशी पुरे. दामटून खाली जाऊन पडदा फाटला तर गार पाणी मध्यकर्णात शिरतं, आतल्या कानाचं तोलाचं इंद्रिय थंड पडतं आणि पाण्याखाली वर-खाली कळेनासं होतं. त्यातून जीव जाऊ शकतो.

कानात बोळे घालून बुडी मारायची नाही, बोळा आणि पडदा यांच्यामधली हवा आक्रसून बोळाच आत ओढला जातो. पोहण्याचा गॉगलही चालत नाही, नाक आत घेणारा मुखवटाच हवा. सर्दीत फवारा मारून तर उतरूच नका. त्याचा असर पाण्याखाली ओसरला तर हवा आत कोंडते आणि वर येताना दुखतं, तिथे थांबून राहायची सोय नसते. बुडी आणि परतीचं विमान यांत एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास असावेत. त्याचं कारण कान नव्हे, रक्तात विरघळलेला नायट्रोजन.

प्रश्न : वडिलांच्या डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया मुंबईत झाली, डोळ्यात गॅस सोडला आहे. डॉक्टरांनी विमान नको म्हटलं. गाडीनं नाशिकला घरी नेलं तर चालेल का? — एक वाचक

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारल्याशिवाय नेऊ नका. दाब कमी झाला की गॅस फुगतो, हे कानात आणि डोळ्यात सारखंच. पण कानाला निसटायला दार आहे, डोळ्याला नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे मुंबईच्या मानानं तो गॅस सुमारे सात टक्क्यांनी फुगेल आणि डोळ्यातला दाब वाढेल. रेल्वेनं गेलात तरी कसारा घाट चढावाच लागतो. गॅस कोणता ते कार्डावर लिहिलेलं असतं. एसएफ६ असेल तर तो साधारण दोन-तीन आठवड्यांत विरतो, सी३एफ८ असेल तर दीड-दोन महिने राहतो. तोवर मुंबईतच कुणा नातेवाइकांकडे ठेवता आलं तर पाहा, आणि गॅस पूर्ण गेल्याचं डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावरच घाट चढा. या काळात दुसऱ्या कशासाठी भूल द्यायची वेळ आली तर डोळ्यात गॅस आहे हे भूलतज्ज्ञांना आधी सांगा. भुलेतल्या नायट्रस ऑक्साइडनंही तो फुगतो.